आलेले पैसे पुरत नसतील तर आधी कोणाला? अणुवीज प्रकल्पांची रीत आणि आपल्या कंपनीचे चुकारे

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने सभासदांचं सोयाबीन गोळा करून एका तेलगिरणीला विकलं. बिल झालं ४८ लाखांचं, खात्यात आले ३१ लाख २० हजार. उरलेले कधी येतील याचा भरवसा नाही. १२० शेतकऱ्यांचे चुकारे अडलेत, हमालांची मजुरी बाकी आहे, बँकेची परतफेड तोंडावर आहे. अणुवीज प्रकल्पांच्या पैशाच्या व्यवहारात रक्कम कमी आली तर कोणाला आधी, कोणाला नंतर, कोणाला किती हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, असं एका संचालकांच्या वाचनात आलं. ती रीत काय आहे आणि आपल्याकडे लावता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, लावता येते. जशीच्या तशी नाही, पण गाभा तोच. देण्यांच्या पंगती पाडायच्या आणि पहिली पंगत जेवून उठल्याशिवाय दुसरी बसवायची नाही. आणि एका पंगतीत बसलेल्यांना पुरत नसेल, तर त्या पंगतीतल्या सगळ्यांना रुपयामागे सारखेच पैसे द्यायचे. पैसेवारी म्हटलं की आपल्या भागात ५० च्या खाली की वर, दुष्काळ की नाही, हेच आठवतं. इथे तिचा अर्थ एवढाच, की मागणीच्या एका रुपयाला हातात किती पैसे पडले. 'माझा माल आधी आला', 'माझ्या घरी लग्न आहे', 'माझं सोयाबीन कोरडं होतं' असे तीन मुद्दे एकाच बैठकीत उठतात. पहिला पंगतीचा आहे, दुसरा सवलतीचा आहे, तिसरा मागणीची रक्कम किती धरायची याचा आहे. तिघांना एकच उत्तर देऊ गेलं की बैठक मोडते.

आता अणुवीजेकडे. तिथे हा क्रम इतका काटेकोर का, हे कळलं तर आपल्या पंगती आपोआप सुचतात.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही कोळशाची केंद्रं आपल्या ओळखीची आहेत. तिथे विजेच्या खर्चातला मोठा भाग रोज जळणाऱ्या कोळशाचा. अणुकेंद्रात याच्या उलट: इंधनाचा खर्च लहान, बांधकामाचा अवाढव्य. पहिलं युनिट विकलं जाण्याआधी कित्येक वर्षं पैसा ओतलेला असतो आणि त्यावर व्याज चढत असतं. भारतात एनपीसीआयएल ही सरकारी कंपनी साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के स्वतःचं भांडवल या प्रमाणात केंद्रं उभारत आली आहे. तारापूर आणि काकरापारची काही वीज महावितरणकडे येते, तिथून तुमच्या फीडरवर. एखाद्या राज्याच्या वितरण कंपनीने बिल थकवलं म्हणून त्या कर्जाचं व्याज थांबत नाही.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं. कारखान्याकडे पैसे नसतील तर कुलूप लावता येतं. अणुभट्टीला लावता येत नाही. भट्टी बंद केली त्या क्षणी तिच्या मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता निघतच राहते. तासाभराने साधारण दीड टक्का, एका दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ७०० मेगावॅट वीज देणाऱ्या भट्टीची मूळ उष्णता २,१०० मेगावॅटच्या वर असते, म्हणजे बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशीही दहा मेगावॅटच्या घरात उष्णता बाहेर काढत राहावी लागते. पंप चालले पाहिजेत, पाळीवर माणूस हजर पाहिजे, डिझेल जनित्र तयार पाहिजे. हा खर्च सावकाराच्या आधी येतो, कारण तो थांबला तर सावकाराचं तारणच उरणार नाही. कर्ज देणारेही हे मान्य करूनच सही करतात.

म्हणून मोठ्या वीज प्रकल्पांच्या कर्जकरारात, अणुवीज असो की दुसरी, विक्रीचा सगळा पैसा एका वेगळ्या, बँकेच्या नजरेखालच्या खात्यात पडतो. ट्रस्ट अँड रिटेन्शन खातं म्हणतात त्याला. तिथून तो ठरलेल्या क्रमाने खाली झिरपतो: कर आणि सरकारी देणी, केंद्र चालवण्याचा आणि देखभालीचा खर्च, कर्जाचं व्याज, मग मुद्दल, मग कर्जफेडीसाठीची राखीव रक्कम पुन्हा भरून काढणं, मग दुय्यम कर्ज, आणि सर्वांत शेवटी मालकांचा लाभांश. वरचा टप्पा पूर्ण भरल्याशिवाय खाली एक रुपया उतरत नाही. एका टप्प्यावर चार बँका असतील आणि पैसा पुरत नसेल, तर त्यांच्यात मात्र कोणी आधी-नंतर नाही, प्रत्येकाला मागणीच्या प्रमाणात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचं कलम ५३ हेच सांगतं: प्रक्रियेचा खर्च सगळ्यांत आधी आणि पूर्ण, नंतर कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेले सावकार बरोबरीने एका पायरीवर, पुढे बाकीचे, आणि एकाच पायरीवरच्यांना एकतर पूर्ण, नाहीतर सारख्या प्रमाणात.

आणखी एक सवय तिथली घेण्यासारखी आहे. भारतात अणुवीज विकताना युनिटमागे २ पैसे वेगळे काढले जातात, पुढे कधीतरी केंद्र मोडीत काढण्याच्या खर्चासाठी. हा पैसा टंचाईतही टंचाईचा नाही. बियाण्याचं पोतं घरात धान्य संपलं म्हणून दळायला नेत नाहीत, तसं.

क्रम कागदावर असूनही काय बिघडू शकतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचं. तिथल्या सार्वजनिक वीज संस्थांनी एकत्र येऊन एकाच वेळी पाच अणुकेंद्रं बांधायला घेतली. खर्च हाताबाहेर गेला, १९८२ मध्ये चौथं आणि पाचवं सोडून दिलं, आणि १९८३ मध्ये या दोन केंद्रांचे २२५ कोटी डॉलरचे रोखे बुडाले. रोख्यांमागे ८८ छोट्या वीज संस्थांचा शब्द होता, त्यात गावांच्या आणि सहकारी संस्थाही होत्या: वीज मिळो न मिळो, पैसे देऊ. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, असा शब्द द्यायचा अधिकारच यातल्या सार्वजनिक संस्थांना नव्हता. करार रद्द. पुढे तडजोडीतून रोखेधारकांना सुमारे ७५ कोटी डॉलर मिळाले, मुद्दलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. याच संस्थेच्या पहिल्या तीन केंद्रांचे रोखे मात्र बुडाले नाहीत. त्यातली दोन तर कधीच पूर्ण झाली नाहीत, तरी पैसे मिळाले, कारण त्यांच्यामागे बॉनव्हिल ही केंद्र सरकारची वीज यंत्रणा उभी होती. संस्था एकच, पण खिसे दोन, आणि दोन खिशांमागचा शब्द वेगळा. तुमच्या संचालक मंडळाने सोयाबीनच्या पैशाबद्दल जो शब्द दिला असेल, तो देण्याचा अधिकार मंडळाला होता का आणि तो कोणत्या खिशावर होता, हे आजच तपासा. तुरीच्या खरेदीसाठी आलेले पैसे सोयाबीनच्या चुकाऱ्यात वळवणं हा दोन खिसे शिवून टाकण्याचा प्रकार आहे. पुढच्या हंगामात तुरीवाले तुमच्या दारात येतील आणि ते बरोबर असतील.

तिसरी गोष्ट अणुअपघाताच्या भरपाईच्या कायद्यांतून येते. तिथे पैसा ठरावीक आणि मागणारे किती हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं. अमेरिकेच्या १९५७ च्या प्राइस-अँडरसन कायद्यात यावर तोडगा आहे. मागण्या मर्यादेच्या वर जातील असं दिसलं, तर वाटपाची योजना न्यायालयाने मंजूर करेपर्यंत एकूण रकमेच्या १५ टक्क्यांहून जास्त पैसा न्यायालयाच्या परवानगीशिवाय वाटता येत नाही. आणि योजनेत, ज्यांची इजा उशिरा उघड होईल त्यांच्यासाठीही तरतूद ठेवावी लागते. अणुअपघाताच्या भरपाईबद्दलच्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या १९९७ च्या दुरुस्तीत जीव गेल्याच्या आणि शरीराला इजा झाल्याच्या मागण्यांना मालमत्तेच्या नुकसानीआधी स्थान आहे. यातून आपल्याला दोन गोष्टी घ्यायच्या. यादी पक्की होईपर्यंत थोडंच वाटायचं. आणि कोणाला आधी द्यायचं असेल तर तो नियम सर्वांसाठी लिहून द्यायचा, तोंड पाहून नाही.

आता तुमचा हिशेब.

सगळ्यांत आधी तुटीचीच चिरफाड करा. १६ लाख ८० हजार कमी का आले? गिरणीने ओलाव्याची किंवा काडीकचऱ्याची कपात केली असेल तर ती थकबाकी नाही, ती मालाची किंमत आहे. सोयाबीनला १२ टक्के ओलावा धरतात. त्याच्या वरचं वजन कमी करायचं सूत्र सरळ आहे: मूळ वजन गुणिले (१०० वजा प्रत्यक्ष ओलावा), भागिले ८८. १५ टक्के ओलाव्याचं १० क्विंटल म्हणजे ८५० भागिले ८८, हिशेबात ९ क्विंटल ६६ किलो. हा ३४ किलोंचा फरक ज्याचा माल ओला त्याच्या मागणीतून जायला हवा, सगळ्यांच्या पैसेवारीतून नाही. पण काट्यावर घेताना प्रत्येकाच्या मालाचा ओलावा मोजून काटापट्टीवर लिहिला असेल तरच हे करता येतं. सगळा माल एका ढिगात ओतून नंतर गिरणीत नमुना काढला असेल, तर ती कपात सगळ्यांनी सोसायची. कोणा एकावर टाकायला तुमच्याकडे पुरावा नाही. पुढच्या हंगामात ओलावामापक काट्याशेजारीच ठेवा, एवढंच यावर सांगतो.

खालच्या आकड्यांत कपात आधीच वजा झाली आहे आणि सगळी तूट निव्वळ थकबाकी आहे असं धरलं आहे. ४८ लाखांची फोड अशी धरू: हमाली, तोलाई, वाहतूक आणि गोदामाचं भाडं व धुरी मिळून ३ लाख २० हजार, बँकेचं खेळत्या भांडवलाचं देणं ६ लाख, शेतकऱ्यांचे चुकारे ३६ लाख, कंपनीचा स्वतःचा वाटा २ लाख ८० हजार. आकडे तुमच्या खतावणीप्रमाणे बदला, पद्धत बदलू नका.

हिशेबात फक्त वटलेला पैसा धरा. गिरणीचा पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसा नाही, व्यवस्थापकाने फोनवर दिलेला शब्द तर नाहीच. आलेले ३१ लाख २० हजार वेगळ्या चालू खात्यात टाका, दोन सह्यांशिवाय काढता येणार नाहीत असं करा. एक तारीख ठरवा आणि त्या तारखेपर्यंतच्या काटापट्ट्या व पावत्या गोळा करून मागण्यांची यादी गोठवा.

पहिली पंगत खर्चाची. हमालांना मागे ठेवून शेतकऱ्यांना आधी द्यावं, असा मोह होतो, कारण बैठकीत शेतकरीच बसलेले असतात. ते चूक आहे. ज्याने काल पोती उचलली त्याची मजुरी थकवली तर उद्या गोदामातली तूर हलणार नाही, धुरीचे पैसे थकले तर राहिलेल्या मालाला कीड लागेल. अणुकेंद्राच्या पंपांसारखाच हा खर्च आहे, थांबला की बाकीची मालमत्ता नासते. अट एकच: फक्त या मालाशी थेट जोडलेला खर्च. कार्यालयाचं फर्निचर, संचालकांचा प्रवासभत्ता, अभ्यासदौऱ्याचं बिल या पंगतीत बसत नाही. कर किंवा बाजार समितीचं शुल्क बाकी असेल तर तेही इथेच. ३१.२० मधून ३.२० गेले, उरले २८ लाख.

दुसरी पंगत बँकेची, पण मंजुरीपत्र वाचल्यावर. मालावर आणि येणाऱ्या बिलावर बँकेचा बोजा लिहिलेला असेल तर तिचा हक्क आधी येतो. भाव पडले म्हणून तो हटत नाही. बोजा नसेल तर बँक शेतकऱ्यांच्या बरोबरीला येते. बोजा असला तरी बोलणीला जागा असते, आणि बहुतेक कंपन्या तिथे जातच नाहीत. समजा ६ लाखांत व्याज ४० हजार आणि मुद्दल ५ लाख ६० हजार आहे. शाखेत लेखी अर्ज द्या: व्याज पूर्ण भरतो, मुद्दलातले ३ लाख पुढच्या तिमाहीत भरू द्या. सोबत गिरणीच्या थकबाकीचा पुरावा आणि हे वाटपपत्रक जोडा. तारखेच्या आधी गेलात तर ऐकतात, हप्ता चुकल्यावर गेलात तर तुमचं खातं आधीच लाल झालेलं असतं. बँकेने मानलं तर शेतकऱ्यांसाठी २५ लाख उरतात, पैसेवारी ६९. नाही मानलं तर २२ लाख, पैसेवारी ६१. मी पुढचा हिशेब या दुसऱ्या शक्यतेचा करतो, वाईट आधी मांडलेलं बरं.

तिसरी पंगत शेतकऱ्यांची. इथे सगळ्यात जास्त ताण येतो.

'आधी आलेल्याला आधी' हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. वीज खात्यात तो वापरतातही. २०२२ च्या विलंब शुल्क नियमांप्रमाणे वितरण कंपनीने दिलेला पैसा आधी विलंब शुल्कात आणि मग सर्वांत जुन्या बिलात जमा होतो. पण तिथे घेणारा एकच असतो, जुनं-नवं सगळं त्याचंच. एका घेणाऱ्याच्या दहा बिलांना लागू पडणारा नियम दहा घेणाऱ्यांच्या एकेका बिलाला लावला, तर लवकर येणारं वाण पेरलेल्याला सगळं आणि उशिराच्या वाणवाल्याला काहीच नाही असं होतं. दोघांनीही माल त्याच ढिगात टाकला, तीच गिरणी दोघांना बुडवते आहे. म्हणून एका हंगामातल्या, एका खरेदीदाराला गेलेल्या मालाचे सगळे शेतकरी एकाच पंगतीत. उत्पादक कंपन्यांच्या कायद्याचा रोखही हाच आहे. सभासदाला सुरुवातीला मंडळ ठरवेल तेवढी किंमत आणि रोखून ठेवलेली उरलेली किंमत नंतर, पुरवलेल्या मालाच्या प्रमाणात, अशी तरतूद आहे. कालव्याच्या पाण्यात आपण शेजपाळी पाळतो कारण पाणी शेतातून शेतात जातं, क्रम लागतोच. पैशाला तशी सक्ती नाही.

२२ लाख भागिले ३६ लाख म्हणजे ६१.१ पैसे. ६० धरा. वरचे राहणारे ४० हजार लगेच वाटू नका. यादीत एखादी पावती सुटलेली निघतेच, आणि कामाला नागपूर-पुण्याला गेलेला सभासद दिवाळीनंतर काटापट्टी घेऊन येतो, तेव्हा ते लागतात.

एकदम ६० पैसेही वाटू नका. यादी गोठवून लावल्या दिवशी फक्त २० पैसे द्या. ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि कंपनीच्या दारावर नाव, क्विंटल, भाव, मागणी, द्यायची रक्कम अशी यादी १५ दिवस लावा. हरकती लेखी घ्या, पोच द्या. समजा १ लाख ८० हजारांच्या मागण्यांवर वाद निघाला: कोणाची काटापट्टी हरवली, कोणाचं वजन खतावणीत वेगळं, कोणाच्या मालावर दोघा भावांनी दावा सांगितला. उरलेल्या ३४ लाख २० हजारांच्या निर्विवाद मागण्यांना पहिल्या खेपेला ६ लाख ८४ हजार आणि मुदत संपल्यावर आणखी ४० पैशांनी १३ लाख ६८ हजार, मिळून २० लाख ५२ हजार. वादातल्या मागण्यांचे ६० पैशांनी होणारे १ लाख ८ हजार खात्यातच राहतील. ते शून्य धरून बाकीच्यांना जास्त वाटणं ही सर्रास होणारी चूक आहे. वाद शेतकऱ्याच्या बाजूने सुटला की द्यायला पैसा नसतो, आणि ज्यांना जास्त गेलं त्यांच्याकडून परत मागायची कोणाचीच छाती होत नाही.

लहान शेतकऱ्यांचं काय, हा प्रश्न बैठकीत येणारच आणि यायलाच हवा. दोन एकरवाल्याची आठ हजारांची मागणी आणि वीस एकरवाल्याची लाखाची, दोघांना ६० पैसे हे गणितात सारखं असलं तरी घरात सारखं नसतं. यासाठी किमान रकमेची पद्धत आहे: प्रत्येकाला पहिल्या १० हजारांपर्यंत पूर्ण, त्यावरच्या मागणीला पैसेवारी. समजा ३० शेतकऱ्यांची मागणी १० हजारांच्या आत आहे, एकूण २ लाख ४० हजार. उरलेल्या ९० जणांचे पहिले १०-१० हजार म्हणजे ९ लाख. यात ११ लाख ४० हजार गेले. राहिले १० लाख ६० हजार, आणि राहिलेल्या मागण्या २४ लाख ६० हजार. पैसेवारी ४३. लाखाची मागणी असलेल्याला १० हजार अधिक ९० हजारांवर ३८,७००, एकूण ४८,७००. साध्या पैसेवारीत त्याला ६० हजार मिळाले असते. वीस हजारवाल्याला १२ हजारांऐवजी १४,३००. साधारण साडेतेहतीस हजारांच्या खालच्या मागणीला फायदा, वरच्याला तोटा.

मला ही पद्धत विदर्भातल्या कोरडवाहू गावांसाठी योग्य वाटते, कारण रब्बीच्या पेरणीला दहा हजार रोख मिळाले तर लहान शेतकरी व्याजाने पैसे काढत नाही. पण तिला दोन अटी. ती साध्या बहुमताने ऐनवेळी लादू नका, मोठ्या मागणीवाल्यांची समोर बसवून संमती घ्या. यंदा जमलं नाही तर पुढच्या हंगामासाठी ठराव करा. आणि 'प्रत्येकाला' म्हणजे कोणाला, हे लिहा. एका घरात चार नावांवर माल घातलेला असेल तर चार किमान रकमा जातील. सातबारा किंवा कुटुंब, जे ठरेल ते यादी गोठवण्याआधीच्या नोंदींवरून धरा. नियम जाहीर झाल्यावर केलेली विभागणी मानू नका.

संचालकांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या मागण्या याच पंगतीत, याच पैसेवारीने, पण रक्कम सगळ्यांच्या नंतर. त्यांना वेगळं काही गेलं असेल तर आत्ताच परत आणा. उद्या कंपनी दिवाळखोरीत गेली तर जवळच्या माणसांना दोन वर्षांच्या आत दिलेलं झुकतं माप उलटवता येतं, आणि गावात तर ते आधीच माहीत असतं.

कंपनीचा २ लाख ८० हजारांचा वाटा शेवटच्या पंगतीत आहे, त्याला यावेळी काही मिळत नाही. लाभांश, बोनस, कमिशन सगळं इथेच थांबतं. क्विंटलमागे काही रुपये राखीव ठेवायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तो साठा या तुटीत मोडू नका. मोडायचाच असेल तर तो कर्ज म्हणून लिहा आणि गिरणीचा पुढचा पैसा आला की पहिल्या पंगतीनंतर लगेच भरून काढायचा ठराव करा.

गिरणीशी बोलताना वीज खात्यातला एक नियम वाकवून वापरता येईल. २०२२ च्या नियमांत थकबाकी हप्त्यांत बांधून दिली की हप्ते वेळेवर येईपर्यंत त्यावर आणखी विलंब शुल्क नाही. एक हप्ता चुकला की सगळ्या थकबाकीवर शुल्क लागतं. गिरणीसोबत असंच लिहून घ्या: चार हप्ते, तारखा ठरलेल्या, वेळेवर दिले तर व्याज माफ, चुकले तर पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवर. आणि हप्ते चालू असताना नवीन माल फक्त रोखीवर.

आता समजा महिन्याभराने गिरणीचे आणखी ८ लाख आले. नवा खर्च काही नाही असं धरू. राखून ठेवलेले ४० हजार मिळवून ८ लाख ४० हजार. इथे हमखास होणारी चूक म्हणजे फक्त उरलेल्या मागण्यांवर नवी टक्केवारी काढणं. तसं करू नका. पैसेवारी नेहमी मूळ मागणीवर आणि पहिल्यापासूनची एकत्र काढा. आधीचे २१ लाख ६० हजार (वादातल्या मागण्यांसाठी ठेवलेल्या १ लाख ८ हजारांसह) आणि आताचे ८ लाख ४० हजार, मिळून ३० लाख. भागिले ३६, म्हणजे ८३ पैसे. ज्याची ४० हजारांची मागणी निर्विवाद होती त्याला आधी २४ हजार गेले, आता ९,२००. ज्याची ४० हजारांची मागणी वादात होती आणि आत्ता मान्य झाली, त्याला एकदम ३३,२००. दोघे एका रेषेवर आले. वादातल्या १ लाख ८० हजारांपैकी १ लाखाची मागणी फेटाळली गेली, तर मागण्यांचा आकडा ३५ लाखांवर येतो आणि त्याच ३० लाखांत पैसेवारी ८५ होते. तो वाढीव पैसा सगळ्यांच्या खात्यात त्याच दिवशी जमा करा आणि नवी यादी जुन्या यादीशेजारी लावा.